पुरस्कार मिळाल्यावर लेखकाचं काय होतं आणि पुस्तकाचं काय होतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिली कादंबरी दीड वर्षापूर्वी आली, ५०० प्रती छापल्या, त्यातल्या दोनशेच्या आसपास गेल्या, घरचे आणि मित्र म्हणतात पुरस्कारांना पाठव नाहीतर कोण विचारणार, आणि त्यात एका संस्थेचं पत्र आलंय की तुमच्या पुस्तकाची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झालीय, २१०० रुपये नोंदणी भरून समारंभाला या. शिवाय तुम्ही विचारलंय की साहित्य अकादमी, ज्ञानपीठ, बुकर असं काही मिळालं की लेखकाचं आयुष्य खरंच बदलतं का. मी २६ वर्षं मराठी पुस्तकांचं संपादन आणि प्रकाशनाचं काम करतेय, तीन-चार छोट्यामोठ्या पुरस्कारांच्या निवड समित्यांवर बसलेय, जे बघितलंय ते सांगते. लांबेल थोडं.

आधी ते २१०० रुपये. भरू नका. प्रवेशासाठी पुस्तकाच्या दोन-तीन प्रती मागणं वेगळं, ते बहुतेक सगळे मागतात कारण परीक्षक दोन-तीन असतात आणि प्रत्येकाला प्रत लागते. पण निवड झाली म्हणून सांगायचं आणि मग पैसे मागायचे, हा समारंभाचा खर्च तुमच्याकडून काढायचा प्रकार आहे. माझ्या एका लेखकाने, निवृत्त मुख्याध्यापक, असे पैसे भरले होते. नवे कपडे शिवले, बायकोला घेऊन रात्रीच्या एसटीने गेले. तिथे साठेक जणांची रांग, एकसारख्या शाली, एकसारखी स्मृतिचिन्हं, स्टेजवर जेमतेम अर्धा मिनिट. घरी येऊन मानपत्र नीट वाचलं तर पुस्तकाचं नावच चुकलेलं. मला फोनवर म्हणाले, मॅडम, नाव चुकलं म्हणजे पुस्तक कोणी उघडलंच नव्हतं ना. मला काय बोलावं ते सुचेना, अजूनही तो फोन आठवला की वाईट वाटतं.

आता निवड समितीची खोली कशी असते ते सांगते कारण तुमच्यासारख्या नव्या लेखकांच्या मनात त्याबद्दल एकतर फार भीती असते नाहीतर फार आदर. एका वर्षी माझ्याकडे कादंबरी विभाग होता, ४३ पुस्तकं, दोन खोक्यांत भरून घरी आली, वाचायला अडीच महिने. मी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन ओळी लिहायचे, म्हणजे बैठकीच्या वेळी गोंधळ नको. बैठकीला आम्ही तिघांनी पाच-पाच नावांच्या याद्या टेबलावर ठेवल्या. तिन्ही याद्यांत असलेलं नाव एकच होतं, आणि ते कोणाच्याच यादीत पहिलं नव्हतं, माझ्या चौथं, बाकी दोघांच्या तिसरं. दोन तास बोललो, प्रत्येकाने आपापल्या पहिल्या पुस्तकासाठी जीव तोडून सांगितलं, शेवटी तेच एक ठरलं. चांगलंच पुस्तक होतं, त्याबद्दल शंका नाही. पण माझ्या यादीतल्या पहिल्या कादंबरीची लेखिका विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची होती, तिला हे कधीच कळलं नाही की एक बाई तिच्या पुस्तकासाठी दोन तास भांडत होती. निकालात तिचं नाव नव्हतं एवढंच तिला दिसलं. समितीतलं बाहेर सांगायचं नसतं म्हणून मी तिला कळवू शकले नाही. तुमचं नाव एखाद्या निकालात आलं नाही तर हे आठवा, तिथे नेमकं काय झालं ते तुम्हाला माहीत नसतं.

साहित्य अकादमीचंही शेवटी असंच आहे, फक्त पायऱ्या जास्त. अकादमी १९५४ ची, पुरस्कार १९५५ पासून, २४ भाषांना दर वर्षी प्रत्येकी एक. आधी पुस्तकांची यादी होते, जाणकारांकडून शिफारशी मागवतात, आणि शेवटी तीन परीक्षकांची समिती ठरवते. रक्कम सुरुवातीला ५,००० होती, वाढत वाढत २००९ पासून १ लाख झाली. सोबत ताम्रपट, त्याचं डिझाइन सत्यजित राय यांचं. ज्ञानपीठाची रक्कम ११ लाख. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, सरकारने सुरू केलेल्या किंवा केंद्र सरकारने त्यासाठी मान्यता दिलेल्या पुरस्काराच्या रकमेला आयकरात सूट आहे, खासगी संस्थेच्या पुरस्काराला आपोआप नाही, मोठी रक्कम मिळाली तर आधी सीएला विचारा आणि मग खर्च करा.

पैशाचं मी पटकन संपवते कारण पैशाने मराठी लेखकाचं आयुष्य बदलल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. घराला रंग होतो, कोणाचं कर्ज फिटतं, मुलीच्या शिक्षणाची एका वर्षाची फी निघते, आणि ते छोटं नाहीय, मला त्याचं मोल माहितीय. पण एक लाखावर कोणी नोकरी सोडून लिहायला बसत नाही.

बदलतं ते पुस्तकाचं नशीब. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' हे आत्मकथन बघा, १९८१ चा अकादमी पुरस्कार. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या', तेही आत्मकथन, १९८८ चा. दोघेही भटक्या-विमुक्त समाजातले, ज्या समाजांवर इंग्रजांनी गुन्हेगार जमात म्हणून शिक्का मारला होता त्यातलं 'उचल्या', पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कैकाड्यांचं 'उपरा', आणि दोन्ही या लेखकांची पहिलीच पुस्तकं. या पुस्तकांची चर्चा पुरस्काराच्या आधीपासून होती, पुरस्काराने त्यांना मराठीच्या बाहेर नेलं. दोन्हींची इंग्रजी भाषांतरं पुढे साहित्य अकादमीनेच काढली. विद्यापीठात अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यासमंडळात जेव्हा कोणी म्हणतं की असली भाषा मुलांना कशी शिकवायची, तेव्हा अकादमीप्राप्त हा शब्द तिथे ढालीसारखा उपयोगी पडतो. मी हे प्रत्यक्ष ऐकलंय. ज्याच्या पाठीशी घराणं नाही, शहर नाही, प्राध्यापकांचा गोतावळा नाही, त्या लेखकाला पुरस्काराची गरज सगळ्यात जास्त असते, आणि म्हणूनच समितीवर बसलेल्या माणसाने खोक्यातलं शेवटचं पुस्तकसुद्धा उघडलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

विक्रीचं गणित माझ्या टेबलावरून दिसतं तसं सांगते. आमच्या एका कादंबरीला एक चांगला पुरस्कार मिळाला, लेखक जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. बातमी आली त्या दिवशी ते वर्गावर होते, फोन ऑफिसात ठेवलेला, मधल्या सुट्टीत बघितला तर ९० च्या वर मिस्ड कॉल, त्यांना वाटलं घरी काहीतरी वाईट झालं, धावत सुटले. त्या आठवड्यात आमच्याकडे वितरकांचे फोन सुरू झाले आणि चार वर्षांत न संपलेली पहिली आवृत्ती, ४०० प्रती उरल्या होत्या, १९ दिवसांत संपली. मग दुसरी आवृत्ती, १०००. ती सव्वा वर्षात गेली. मग तिसरी काढली आणि ती पडून राहिली. म्हणजे पुरस्काराचा जोर साधारण वर्ष-दीड वर्ष, त्यानंतर पुस्तक स्वतःच्या पायावर चालतं किंवा नाही चालत. त्या वर्षभरात प्रकाशकाकडे प्रती तयार असणं फार महत्त्वाचं, मी अशी पुस्तकं पाहिलीयत की बातमी पेपरात आली, लोक दुकानात गेले, आणि पुस्तक छपाईला. दोन महिन्यांनी गठ्ठे आले तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं.

आता एक गोष्ट ज्यावर मी बरीच वर्षं विचार करतेय. पुरस्कार बऱ्याचदा लेखकाला मिळतो पण पुस्तक भलतंच असतं. मर्ढेकरांनी मराठी कविता उलटीपालटी केली, आणि १९५६ चा अकादमी पुरस्कार मिळाला तो 'सौंदर्य आणि साहित्य' या समीक्षेच्या पुस्तकाला, आणि तोवर ते गेले होते, त्याच वर्षी मार्चमध्ये. नेमाडेंची 'कोसला' १९६३ ची, त्यानंतर मराठीत कादंबरी लिहिणारा प्रत्येक जण तिच्या बाजूने नाहीतर विरुद्ध लिहितोय, पण नेमाडेंना अकादमी मिळाली १९९१ ला आणि ती 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकाला. गंगाधर गाडगीळ म्हणजे नवकथा, हे आपण शाळेत शिकलो, त्यांना अकादमी १९९६ ला आणि आत्मचरित्राला. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर एक अख्खी पिढी वाढली, मीही त्यातलीच, त्यांनाही २०१४ ला आत्मचरित्रालाच. कधी तो माणूस गेल्यावरच येतो, कवी अरुण कोलटकर सप्टेंबर २००४ मध्ये गेले आणि 'भिजकी वही' या कवितासंग्रहाला अकादमी २००५ ची. नामदेव ढसाळांना तर वार्षिक पुरस्कार कधी मिळालाच नाही, २००४ ला अकादमीने आपल्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने जीवनगौरव दिला.

यात कोणाचं कट-कारस्थान आहे असं मी म्हणत नाही. नवं पुस्तक आलं की ते वाचायला लागणारी नजर तयार व्हायला वेळ लागतो, 'कोसला' १९६३ मध्ये वाचणाऱ्या परीक्षकाला ती काय चीज आहे हे त्याच वर्षी कळणं अवघड होतं. अकादमीच्या नियमात पुस्तकाला पाच वर्षांची खिडकी असते, म्हणजे २०२० च्या पुरस्काराला २०१४ ते २०१८ मधली पुस्तकं, आणि खरंखुरं नवं पुस्तक कधीकधी पाच वर्षांत पचत नाही. मग दहा-वीस वर्षांनी सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटतं आणि लेखकाचं जे पुस्तक त्या वेळी खिडकीत असेल त्याला दिला जातो. ज्ञानपीठाने हे ओळखून १९८२ पासून एका पुस्तकाऐवजी एकूण योगदान बघायला सुरुवात केली. पण त्यात दुसरं होतं, ते फार उशिरा येतं. मराठीला आजवर चार, १९७४ ला खांडेकर, १९८७ ला कुसुमाग्रज, २००३ चं विंदा, २०१४ चं नेमाडे. चौघांचीही सत्तरी केव्हाच उलटलेली. विंदांना २००३ चा पुरस्कार प्रत्यक्ष हातात पडला २००६ मध्ये, तेव्हा वय ८७. त्या वयात पुरस्काराने लेखक घडत नाही, वाचकांना त्याच्याकडे परत वळून बघायचं निमित्त मिळतं. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या वाचनालयात विंदांचे सगळे कवितासंग्रह एकदम बाहेर गेले होते, ग्रंथपाल बाई रजिस्टर उघडून मला दाखवत होत्या, त्यांना इतका आनंद झाला होता, आणि मलाही.

नाकारणाऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण ते माहीत असावं. नंदा खरे यांच्या 'उद्या' कादंबरीला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी नम्रपणे नको सांगितलं, आपण काही वर्षांपूर्वीच पुरस्कार घेणं थांबवलंय, समाजाने खूप दिलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यात राग नव्हता, निषेध नव्हता. आणि जी. ए. कुलकर्णींचं तर प्रकाशनात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. १९७३ चा अकादमी पुरस्कार 'काजळमाया' या कथासंग्रहाला मिळाला, मग पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, म्हणजे पुस्तक नियमात बसतं की नाही यावरून, आणि जीएंनी पुरस्कार परत केला. कथा कशा आहेत यावर वाद नव्हता, वाद एका तारखेवर. मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात हे सांगते, आतलं ते पान जिथे पहिली आवृत्ती, किंमत, मुद्रक असं सगळं असतं, ते कोणी वाचत नाही असं समजू नका.

पुरस्कार दिलेलासुद्धा काढून घेतला जाऊ शकतो. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारच्या वाङ्मय पुरस्कारांत माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या तुरुंगातल्या आठवणींच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला पुरस्कार जाहीर झाला आणि आठवड्याच्या आत सरकारने तो रद्द केला, निवड समितीच बरखास्त केली. त्यावर सरकारच्या साहित्यविषयक मंडळांवरच्या आणि समित्यांवरच्या अनेकांनी राजीनामे दिले, शरद बाविस्कर यांनी 'भुरा' या आत्मकथनाला मिळालेला पुरस्कार नाकारला. मला त्या वेळी त्या परीक्षकांबद्दल फार वाटलं, आम्ही जसे पेन्सिलीने ओळी लिहितो तशा त्यांनीही लिहिल्या असतील. ज्यांनी पुस्तक वाचलं त्यांचा निर्णय बाजूला ठेवायचा तर मग समिती नेमायची कशाला, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आणि लेखकाच्या लिहिण्याचं काय होतं? इथे मला थोडं काळजीने सांगायचंय. ते मी मघाशी सांगितलेले शिक्षक, पुरस्कारानंतर पहिल्या वर्षात त्यांचे ७० च्या वर सत्कार आणि कार्यक्रम झाले. गावाने केला, तालुक्याने केला, शिक्षक संघटनेने, जातीच्या मंडळाने, शेजारच्या जिल्ह्याच्या वाचनालयाने, सगळ्यांनी प्रेमाने केला आणि कोणालाच नाही म्हणता येईना. घरात शालींचा ढीग, त्यांची आई त्या शाली आल्यागेल्याला द्यायची. मग परीक्षक म्हणून बोलावणी, प्रस्तावनांच्या विनंत्या, दिवाळी अंकांचे फोन. दुसरी कादंबरी यायला नऊ वर्षं लागली. मी दर सहा महिन्यांनी फोन करायचे, ते म्हणायचे, मॅडम, आता लिहायला बसलो की पहिलं वाक्य लिहिल्यावर वाटतं हे पुरस्कारवाल्या लेखकाचं वाक्य आहे का, आणि खोडतो. हे वाक्य मी विसरू शकत नाही. ती दुसरी कादंबरी पहिल्यापेक्षा चांगली आहे असं माझं प्रामाणिक मत आहे, तिला काहीच मिळालं नाही, आणि ते स्वतः म्हणतात की बरं झालं, तिसरी दोन वर्षांत लिहून झाली.

बुकरबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय बुकर हा इंग्रजीत भाषांतर झालेल्या आणि ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेल्या पुस्तकाला मिळतो, ५०,००० पौंड, लेखक आणि अनुवादकात निम्मे-निम्मे. २०२२ ला गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि' या हिंदी कादंबरीला डेझी रॉकवेल यांच्या अनुवादासाठी, २०२५ ला बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना दीपा भास्ती यांच्या अनुवादासाठी. बानू मुश्ताक यांच्या त्या कथा तीसेक वर्षांत लिहिलेल्या आहेत, कन्नड वाचकाला त्या आधीपासून माहीत होत्या, जगाला कळल्या अनुवाद झाल्यावर. तेव्हा मराठीतून बुकर का नाही असं कोणी विचारलं तर मी विचारते की मराठीतून इंग्रजीत कादंबऱ्या नेणारे किती जण आहेत आणि त्यांना आपण पानामागे काय देतो. दिलीप चित्रेंना १९९४ मध्ये अकादमीचे दोन पुरस्कार एकाच वर्षी मिळाले, स्वतःच्या कवितेसाठी आणि तुकारामांच्या इंग्रजी अनुवादासाठी. असा माणूस रोज जन्माला येत नाही, पण चांगले अनुवादक तयार करता येतात, त्यावर खर्च केला पाहिजे.

तुमचं आता. सरकारी वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी वेगळा विभाग असतो, तो तुमच्यासाठी आहे, जाहिरात आली की मुदतीत प्रती जातील असं बघा, आणि प्रकाशकाने पाठवल्या असतीलच असं गृहीत धरू नका, विचारा. वय ३५ च्या आत असेल तर अकादमीचा युवा पुरस्कार आहे, २०११ पासून, ५०,००० रुपयांचा. सोलापूरचा भैरूरतन दमाणी पुरस्कार, महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कार, यांची नावं वाचकांत आहेत, त्यांच्या मागच्या दहा वर्षांच्या याद्या बघा. मी कोणताही पुरस्कार असाच तपासते, आधी कोणाला मिळालाय ती यादी काढते आणि त्यातली किती पुस्तकं मी वाचलीयत किंवा वाचावीशी वाटतात ते मोजते. तुमच्या त्या २१०० वाल्या संस्थेला मागच्या तीन वर्षांची यादी आणि परीक्षकांची नावं मागा, उत्तर काय येतं ते बघा.

परीक्षक कोण आहेत हे कळलं तरी त्यांना फोन करू नका, कोणाकडून करवू नका. मला असे फोन आलेत, आणि त्यानंतर ते पुस्तक मोकळ्या मनाने वाचायला मला फार कष्ट पडले, नुकसान त्या लेखकाचंच झालं.

हे सगळं पाठवापाठवीचं काम एका रविवारी उरका, पत्त्यांची यादी करा, कुरिअरच्या पावत्या एका पाकिटात ठेवा आणि विसरून जा. पुस्तकातल्या त्या आवृत्तीच्या पानाचा फोटो मला पाठवा, तारीख आणि वर्ष बरोबर छापलंय का ते बघून सांगते, कारण तुम्ही म्हणताय दीड वर्ष झालं आणि प्रकाशन समारंभ त्याच्यानंतर चार महिन्यांनी झाला, तर कुठल्या वर्षात धरायचं ते त्यावरून ठरेल. आणि शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिलंय की दुसऱ्या कादंबरीची चाळीस पानं झालीत. ती वाचायला मला आवडतील. टाइप केलेली असतील तर तशीच, हाताने लिहिलेली असतील तर पानांचे फोटो काढून पाठवा.